प्रोटोकॉल लिहायचाय? आधी पॅकेट हरवून बघा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: वय २६. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगची पदवी. चार वर्षांपासून पुण्यात नेटवर्क सपोर्टला, शिफ्टची नोकरी. ओएसपीएफ आणि बीजीपी (राउटर ज्यांच्या मदतीने वाटा ठरवतात ते प्रोटोकॉल) यांच्याशी रोजचा संबंध, पण ‘मी फक्त दुसऱ्यांनी बनवलेलं कॉन्फिगर करतो’ ही बोच आहे. स्वतः प्रोटोकॉल डिझाइन करायचे आणि लिहायचे आहेत. गावाकडच्या द्राक्षबागेत ओलाव्याचे सेन्सर आणि पाण्याची झडप जोडणारा स्वतःचा प्रोटोकॉल असावा, हे जुने स्वप्न. आतापर्यंत दोन प्रयत्न फसले. पायथनमध्ये टीसीपीवर (हरवलेला डेटा पुन्हा पाठवून क्रमाने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवर) चॅट सर्व्हर लिहिला. तो स्वतःच्या लॅपटॉपवर छान चालला, पण दोन मशीनवर टाकताच मेसेज एकमेकांना चिकटून किंवा अर्धवट येऊ लागले. नंतर ‘पाया पक्का करू’ म्हणून सी भाषेत रॉ सॉकेटवर (स्वतः बांधलेली पॅकेट थेट पाठवण्याच्या सोयीवर) स्वतःचा टीसीपी लिहायला घेतला, तर प्रत्येक कनेक्शन सुरू होताच रीसेट. यावरून ‘माझं सी कच्चं, गणितही कच्चं’ असा निष्कर्ष काढला आहे. आता तीन पर्याय समोर आहेत: ₹३५,००० चे जुने राउटर-स्विच घेऊन घरी लॅब करावी, सगळे आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे क्रमांकित दस्तऐवज) क्रमांक १ पासून वाचून काढावेत, की नोकरी सोडून एमटेकला जावे? वडील पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

उत्तर:

पर्यायांकडे नंतर वळू. आधी ते दोन फसलेले प्रयत्न तपासायला हवेत, कारण त्यांवरून तुम्ही स्वतःबद्दल जे ठरवले आहे ते पुराव्याला धरून नाही.

रीसेटचे घ्या. तुम्ही रॉ सॉकेटमधून सिन (कनेक्शन मागणारे पॅकेट) पाठवता, समोरून सिन-ॲक (त्याला होकार) येतो. तो तुमच्या प्रोग्रामला दिसतोच, पण त्याच वेळी लिनक्सच्या कर्नेललाही (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाही) मिळतो. कर्नेल आपल्या यादीत बघते: या पोर्टवर आपण कोणाशी कनेक्शन उघडले आहे का? नाही. मग टीसीपीच्या नियमाप्रमाणे ते समोरच्याला रीसेट, म्हणजे कनेक्शन तोडणारे पॅकेट, पाठवते. तुमचे सी कितीही चांगले असते तरी हेच झाले असते. मार्ग दोन आहेत. फायरवॉलमध्ये बाहेर जाणारे रीसेट अडवायचे, हा जुगाड. दुसरा, सरळ मार्ग म्हणजे ‘टन’ किंवा ‘टॅप’ नावाचे आभासी इंटरफेस. कर्नेलच्या बाजूला १०.०.०.१ द्या आणि तुमच्या प्रोग्रामने १०.०.०.२ म्हणून वावरावे. १०.०.०.२ हा पत्ता कर्नेलचा स्वतःचा नसल्यामुळे तिथली पॅकेट ते फक्त तुमच्या हवाली करते, मध्ये बोलत नाही. एक खाच लक्षात ठेवा: इंटरफेस उघडताना ‘नो पीआय’ हा फ्लॅग दिला नाही, तर प्रत्येक पॅकेटच्या पुढे चार जादा बाइट येतात आणि आयपीचा हेडर चार घरे सरकलेला दिसतो. त्यात अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

चॅट सर्व्हरची गोष्ट याहून महत्त्वाची. टीसीपी मेसेज पोचवत नाही, तो बाइटांचा सलग प्रवाह पोचवतो. तुम्ही ‘पाठव’ तीनदा म्हटले म्हणून समोर ‘घे’ तीनदाच होईल असे कुठेही लिहिलेले नाही. एकदाच सगळे येईल, किंवा सात तुकड्यांत येईल. लॅपटॉपवर हे लपले, कारण लिनक्सच्या लूपबॅक इंटरफेसचा (मशीनने स्वतःशीच बोलण्याच्या वाटेचा) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, ६५,५३६ बाइटांचा असतो, विलंब जवळजवळ शून्य, आणि वाचणारा प्रोग्राम लगेच वाचून मोकळा होतो. इथे बरेच जण नेगलच्या अल्गोरिदमला (लहान तुकडे साठवून एकत्र पाठवण्याच्या पद्धतीला) दोष देऊन ‘नो-डिले’ पर्याय चालू करतात. त्याने चिकटणे कमी दिसते, चूक जागच्या जागी राहते. उपाय असा: प्रत्येक मेसेजच्या आधी चार बाइटांत लांबी पाठवा, मोठा बाइट आधी या क्रमाने. वाचणाऱ्याने आधी नेमके चार बाइट जमेपर्यंत वाचायचे, मग तेवढे बाइट जमेपर्यंत. रिकामे उत्तर आले म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केले, तिथे लूप थांबवायचा. आणि लांबीला कमाल मर्यादा घाला, समजा ६४ केबी. नाहीतर कोणीतरी ‘मी चार जीबी पाठवतोय’ असे चार बाइट पाठवेल आणि तुमचा सर्व्हर आज्ञाधारकपणे मेमरी राखून ठेवेल.

या दोन्ही ठिकाणी अडले ते गणित नव्हते, भाषाही नव्हती. खालच्या थराने कशाची हमी दिली आहे आणि कशाची नाही, हे न तपासता पुढे गेलात, एवढेच. प्रोटोकॉल डिझाइनचा गाभा तिथेच आहे. हेडरमध्ये कोणते रकाने, किती बिटांचे, हा भाग अर्ध्या दिवसात ठरतो. उरलेले सगळे काम ‘आले नाही तर’, ‘दोनदा आले तर’, ‘उशिरा आले तर’, ‘मधेच समोरचा रीस्टार्ट झाला तर’ या प्रश्नांचे असते.

आणि हे प्रश्न तुम्ही रोज सोडवता, फक्त उलट्या बाजूने. ओएसपीएफचा शेजारी (जोडलेला राउटर) ‘एक्सस्टार्ट’ या सुरुवातीच्या अवस्थेत अडकला की तुम्ही आधी दोन्हीकडचा एमटीयू बघता. का? कारण डेटाबेस वर्णनाच्या पॅकेटमध्ये इंटरफेसचा एमटीयू लिहिलेला असतो, आणि तो आपल्यापेक्षा मोठा असेल तर राउटर ते पॅकेट नाकारतो. म्हणजे कोणीतरी डिझाइन करतानाच ठरवले की मोठे पॅकेट पुढे जाऊन गुपचूप हरवण्यापेक्षा सुरुवातीलाच अडलेले बरे. ‘मी आहे’ सांगणारा हॅलो १० सेकंदांनी आणि शेजारी गेला असे धरणारा डेड ४० सेकंदांनी, हेही कोणाचे तरी मोजूनमापून केलेले निर्णय. बीजीपीची ‘ॲक्टिव्ह’ अवस्था म्हणजे सगळे ठीक चालले आहे असे नव्या माणसाला वाटते. तुम्हाला माहीत आहे की ती अजून कनेक्शनसाठी धडपडते आहे. अवस्था, घटना, टायमर ही प्रोटोकॉल लिहिणाऱ्याचीच भाषा. ‘फक्त कॉन्फिगर करतो’ हे वाक्य म्हणून मला पटत नाही. पुष्कळ चांगले प्रोग्रामर या बाबतीत तुमच्या मागे असतात. (तुम्ही प्रोग्रामर असून हे वाचत असाल, तर तुमची उणीव याच्या नेमकी उलट आहे. आधी महिनाभर वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारे साधन) उघडून डीएनएस, डीएचसीपी आणि टीसीपीची खरी पॅकेट वाचा, कोड त्यानंतर.)

आता तुमचे पर्याय. राउटर-स्विच घेऊ नका. त्यांच्या आत चालणारा कोड तुम्हाला बघता येत नाही, बदलता येत नाही. तुम्ही पुन्हा कॉन्फिगरच कराल. एका साध्या लिनक्स लॅपटॉपवर दोन नेटवर्क नेमस्पेस तयार करा, त्यांच्यामध्ये ‘वेथ’ नावाची आभासी केबल टाका, की दोन स्वतंत्र मशीन झाली. मग ‘टीसी’ या कमांडमधील ‘नेटएम’ वापरून त्या केबलमध्ये हवा तो बिघाड घाला: विलंब, गळती, दुहेरी पॅकेट, उलटसुलट क्रम, बिघडलेले बाइट. नेटएम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर चालते, म्हणून दोन्ही टोकांना लावा. प्रत्येक टोकाला ५० मिलिसेकंद विलंब दिला की जाऊन-येऊन १०० होतात. विलंबात चढउतार ठेवला तर पॅकेटचा क्रमही बदलतो. तो बिघाड तुम्ही मागितला नव्हता असे वाटेल, पण खऱ्या नेटवर्कात नेमके असेच होते. ₹३५,००० ची लॅब हे करू शकत नाही.

आरएफसी क्रमाने वाचणे हा दुसरा पर्याय. पहिला आरएफसी एप्रिल १९६९ चा आहे, अर्पानेटच्या यजमान संगणकांवरील सॉफ्टवेअरबद्दल. इतिहास म्हणून गोड आहे. पण एकूण संख्या ९,००० च्या पुढे गेली आहे आणि त्यातले पुष्कळ कालबाह्य झालेले आहेत. आरएफसी एकदा प्रसिद्ध झाला की त्यातले अक्षर बदलत नाही, नवा क्रमांक जुन्याची जागा घेतो. टीसीपीचा १९८१ चा आरएफसी ७९३ अजून अनेक अभ्यासक्रमांत दिसतो. त्याची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने घेतली. म्हणून कोणताही आरएफसी उघडला की आधी माथ्यावरचे ‘याने कालबाह्य केला’ आणि ‘याने सुधारला’ हे शब्द बघा, मग चुकांची यादी, मग मजकूर. मोठ्या अक्षरांतल्या ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत, ते आरएफसी २११९ मध्ये दिलेत. ‘शुड’ म्हणजे ‘जमलं तर बघू’ नव्हे. न करण्याचे ठोस कारण आणि परिणाम माहीत असतील तरच टाळा, असा तो अर्थ.

माझ्या मते वाचायचा क्रम असा असावा: यूडीपीचा (पोचण्याची हमी न देणाऱ्या साध्या प्रोटोकॉलचा) आरएफसी ७६८, तीन पानांचा. त्यानंतर टीएफटीपीचा (यूडीपीवर फाइल पाठवणाऱ्या छोट्या प्रोटोकॉलचा) आरएफसी १३५०, जुलै १९९२ चा, अकरा पानांचा. आणि इथे थांबून तो लिहून काढायचा.

टीएफटीपी का? तो जुना आहे, गरीब आहे, सुरक्षा शून्य. पण त्यात फक्त पाच प्रकारची पॅकेट आहेत: वाचायची विनंती, लिहायची विनंती, डेटा, पोच आणि चूक. डेटा ५१२ बाइटांच्या तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा जात नाही. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. क्लायंट पायथनमध्ये दोनशे ओळींच्या आत होतो. तुम्ही स्विचचे फर्मवेअर त्यानेच चढवले असणार. आणि एवढ्याशा प्रोटोकॉलमध्ये डिझाइनचे जवळजवळ सगळे मूळ प्रश्न येऊन बसले आहेत.

पहिली ठेच बाइटांच्या क्रमाची. पॅकेटचा प्रकार दोन बाइटांत जातो, मोठा बाइट आधी. तुमचा लॅपटॉप आकडे उलट क्रमाने साठवतो, म्हणून न बदलता पाठवलेला १ समोर २५६ म्हणून वाचला जातो. सीमध्ये लिहिणार असाल तर स्ट्रक्चर जसेच्या तसे सॉकेटवर ढकलू नका. एका बाइटाचा आणि चार बाइटांचा असे दोन रकाने असलेले स्ट्रक्चर पाच बाइटांचे वाटते, पण कंपायलर सहसा मध्ये तीन बाइट भरून ते आठ करतो. एकेक रकाना हाताने बफरमध्ये लिहा. कंटाळवाणे आहे, पण बरोबर आहे.

दुसरी ठेच पोर्टची. विनंती ६९ नंबरच्या पोर्टवर जाते, उत्तर मात्र सर्व्हर नव्या पोर्टवरून देतो आणि पुढची सगळी बोलणी त्याच पोर्टशी करायची असतात. क्लायंटने यूडीपी सॉकेटला ६९ वर ‘कनेक्ट’ केले असेल तर कर्नेल नव्या पोर्टवरचे उत्तर तुम्हाला देणारच नाही. वायरशार्कमध्ये पॅकेट आलेले दिसते, प्रोग्राम मात्र वाट बघत बसतो. पहिले उत्तर ज्या पोर्टवरून आले तो नोंदवा आणि नंतर तिसऱ्याच पोर्टवरून काही आले तर त्याला चूक क्रमांक ५ पाठवून द्या, चालू बदली मात्र मोडू नका.

कोड लिहिण्यापूर्वी कागदावर एक तक्ता काढा. ओळींमध्ये अवस्था, स्तंभांमध्ये घटना: अपेक्षित तुकडा आला, मागचाच तुकडा पुन्हा आला, पुढचा आला, परक्या पोर्टवरून आला, चूक आली, वेळ संपली. एकही चौकट रिकामी नको. ‘हे होणारच नाही’ असे जिथे लिहावेसे वाटेल तिथे लाल खूण करा, कारण बग पुढे तिथेच सापडतो.

मग चालवा. आधी बिघाडाशिवाय, एक एमबीची फाइल, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. तिला ५१२ ने पूर्ण भाग जातो, २,०४८ तुकडे होतात. मग शेवट कसा कळणार? एक रिकामा तुकडा पाठवावा लागतो, म्हणून २,०४९. हा रिकामा तुकडा बरेच जण विसरतात आणि क्लायंट लटकतो. आता जाऊन-येऊन १०० मिलिसेकंदांचा विलंब लावा. दर फेरीला एक तुकडा, म्हणजे सेकंदाला पाच केबी, आणि फाइलला साधारण ३ मिनिटे २५ सेकंद. बँडविड्थ कितीही असो, फरक पडणार नाही. दोन्ही बाजूंना ५ टक्के गळती घाला आणि पुन्हा पाठवण्याची मुदत ठरावीक एक सेकंद ठेवा: दहापैकी सुमारे एक फेरी फसते, प्रत्येक फसलेल्या फेरीमागे एक सेकंद जातो आणि एकूण वेळ सात मिनिटांच्या आसपास पोचतो. हा आकडा आधी कागदावर काढा, मग मोजा. दोन्ही जुळले नाहीत तर तुमच्या कोडमध्ये तुम्हाला माहीत नसलेले काहीतरी चालले आहे. लागणारे गणित एवढेच. ते तुम्हाला येते.

यापुढचा प्रयोग सगळ्यात मोलाचा. तुमच्या दोन्ही बाजूंनी असे लिहा की मुदत संपली तर शेवटचे पॅकेट पुन्हा पाठवायचे आणि कोणतीही पोच आली की तिच्या पुढचा तुकडा पाठवायचा. गळती काढून टाका, मुदत २०० मिलिसेकंद करा. बदली चालू असताना एका टोकाचा विलंब ५० वरून ३०० करा आणि दोन सेकंदांनी परत ५० वर आणा. नेटवर्क पूर्ववत झाले, एकही पॅकेट हरवले नाही, तरी वायरशार्कमध्ये त्यानंतरचा प्रत्येक तुकडा किमान दोनदा जाताना दिसेल, अगदी फाइल संपेपर्यंत. कारण समजा पाचवा तुकडा हरवला नव्हता, फक्त उशिरा पोचला. पाठवणाऱ्याने घाई करून तो पुन्हा पाठवला, घेणाऱ्याने दोन्हींची पोच दिली, दोन पोचींमुळे सहावा दोनदा गेला, आणि हे चक्र थांबायला कारणच उरले नाही. टीएफटीपीच्या मूळ डिझाइनमधली ही खरी चूक होती. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने दुरुस्ती सक्तीची केली: जुनी पोच पुन्हा आली तर तिच्यावरून डेटा पुन्हा पाठवायचा नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे. पण ती ओळ कुठे आणि का, हे एकदा डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला पुढे प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये ‘ही घटना कशामुळे झाली आणि ती दोनदा झाली तर?’ हा प्रश्न आपोआप पडतो.

अजून दोन गोष्टी तिथेच बघून घ्या. शेवटची पोच हरवली तर? घेणारा ‘झालं’ म्हणून निघून गेलेला असतो आणि पाठवणारा फाइल पूर्ण पोचलेली असूनही ‘फसले’ म्हणतो. म्हणून घेणाऱ्याने शेवटची पोच दिल्यावर थोडा वेळ रेंगाळायचे. याने शक्यता कमी होते, शून्य होत नाही. गळक्या वाटेवर दोन्ही बाजूंची शंभर टक्के खात्री कितीही पोचपावत्या दिल्या तरी होत नाही, हे सिद्ध झालेले आहे. दुसरी गोष्ट तुकड्याच्या क्रमांकाची. तो १६ बिटांचा आहे, म्हणजे ६५,५३५ वर संपतो आणि फाइल ३२ एमबीच्या आत अडकते. पुढे काय करायचे याबद्दल आरएफसी १३५० गप्प आहे. म्हणून कोणी शून्यावर उडी मारली, कोणी एकवर, आणि मोठ्या फाइलवर दोन्ही एकमेकांशी जमेनासे झाले. आपल्या दस्तऐवजातली गप्प जागा दुसरा कोणीतरी आपल्या मनाने भरतो.

तुमचा क्लायंट तुमच्याच सर्व्हरशी चालला म्हणून समाधान मानू नका. दोन्ही टोकांना एकच गैरसमज असेल तर तो कधीच उघडा पडत नाही. ‘डीएनएसमास्क’मध्ये टीएफटीपी सर्व्हर असतो, ‘कर्ल’ टीएफटीपी क्लायंट म्हणून चालतो. त्यांच्याशी जोडून बघा. आणि तुम्ही लिहिलेला सर्व्हर नेमस्पेसच्या बाहेर उघडू नका. दोन टिंबे आणि तिरकी रेघ घालून फाइलचे नाव मागितले तर तो तुमच्या फोल्डरच्या बाहेरच्या फाइलीही देऊन टाकेल.

इथपर्यंत आठवड्याला सहा-सात तास दिले तर दीड-दोन महिने धरा. त्यानंतर सरकती खिडकी: पोचीची वाट न बघता अनेक तुकडे वाटेत ठेवायचे. किती? १० एमबीपीएस आणि १०० मिलिसेकंद असतील तर वाटेत १,२५,००० बाइट मावतात, म्हणजे १,०२४ बाइटांचे सुमारे १२२ तुकडे. त्याहून कमी ठेवले तर वाट रिकामी राहते, जास्त ठेवले तर रांग वाढते. टीएफटीपीलाच खिडकी जोडणारा आरएफसी ७४४० आहे. आधी स्वतःचे डिझाइन लिहा, मग तो उघडून ताडून बघा. मुदतही आता ठरावीक ठेवता येणार नाही. ती मोजायची कशी हे आरएफसी ६२९८ सांगतो: फेरीच्या वेळेची सरासरी आणि तिच्या चढउताराची चौपट यांची बेरीज, पहिली मोजणी मिळेपर्यंत एक सेकंद, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर दुप्पट. पुन्हा पाठवलेल्या पॅकेटवरून फेरीची वेळ मोजू नका, कारण आलेली पोच पहिल्याची की दुसऱ्याची हे कळत नाही.

गर्दीचा विचार न करता खिडकी मोठी करत जाणे हा मात्र इतरांवर अन्याय असतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळला होता, अंतर जेमतेम ४०० यार्ड. सगळेच पुन्हा पुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसन यांचे १९८८ चे काम त्यातून आले. यूडीपीवर काहीही लिहिणार असाल तर आरएफसी ८०८५ वाचल्याशिवाय ते इंटरनेटवर सोडू नका.

स्वतःचा टीसीपी लिहिण्याचे स्वप्न इथे, तिसऱ्या टप्प्यावर ठेवा. ‘टन’वर आधी फक्त पिंगला उत्तर द्या: पत्ते अदलाबदल करा, प्रकार ८ चा ० करा, चेकसम (बाइट बिघडले का हे ओळखणारी बेरीज) पुन्हा काढा. मग यूडीपी, मग टीसीपी. यूडीपी-टीसीपीच्या चेकसममध्ये आयपीचे पत्ते, प्रोटोकॉल क्रमांक आणि लांबी यांचा आभासी हेडरही धरावा लागतो. तो विसरला की सगळे बरोबर दिसते आणि समोरचा मुकाट्याने पॅकेट टाकून देतो. उलट, आपल्याच मशीनवर पकडलेल्या बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा चेकसम वायरशार्क चुकीचा दाखवत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो नेटवर्क कार्ड नंतर भरते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सीएस१४४ या अभ्यासक्रमात टीसीपी टप्प्याटप्प्याने बांधायला लावतात आणि त्यांच्या लॅबच्या सूचना खुल्या आहेत. भाषेची चिंता करू नका: पायथनने सुरुवात, टीसीपीला पोचाल तेव्हा सी, गो किंवा रस्ट.

आता द्राक्षबाग. इथे तुम्हाला थोडे अडवावेसे वाटते. नवा प्रोटोकॉल हवा की चालू असलेला पुरतो? एमक्यूटीटी हा छोट्या उपकरणांचे संदेश पोचवणारा प्रोटोकॉल १९९९ मध्ये उपग्रहामार्गे तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी जन्मला. तुमची गरज त्यापासून फार लांब नाही. कोॲप हा तशाच उपकरणांसाठीचा दुसरा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो, मूळ हेडर चार बाइटांचा. पुन्हा पाठवण्याची पहिली मुदत २ ते ३ सेकंदांमध्ये कुठेतरी, मुद्दाम यादृच्छिक. दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना फोन लावला की दोघांनाही एंगेज लागतो, आणि दोघांनी बरोबर एक मिनिटाने पुन्हा लावला तर पुन्हा तेच; वीज आल्यावर एकदम जागे होणाऱ्या पन्नास सेन्सरांचे तसेच होईल. बागेसाठी खरोखर वापरायचे असेल तर या दोहोंपैकी एक घ्या. शिकण्यासाठी मात्र स्वतःचा जरूर लिहा, आणि लिहिताना पुढची कोडी सोडवा.

ओलाव्याचे १०:०५ चे वाचन हरवले आणि १०:१० चे आले, तर जुने पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे का? बहुधा नाही. म्हणजे वाचनाला पोच लागत नाही, आज्ञेला लागते. आज्ञा कशी लिहाल? ‘१० मिनिटे पाणी सोड’ असे पॅकेट दोनदा पोचले तर २० मिनिटे पाणी जाईल. ‘६:४० पर्यंत झडप उघडी ठेव’ असे लिहिले तर दहा वेळा पोचले तरी परिणाम एकच, आणि ७ वाजता उशिरा पोचले तर झडप ते सरळ दुर्लक्षित करू शकते. अट एवढीच की झडपेला वेळ कळली पाहिजे, मग घड्याळ कोण लावणार, हा पुढचा प्रश्न. लोडशेडिंगनंतर सेन्सर रीस्टार्ट झाला आणि त्याचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले, तर सर्व्हर त्याला ‘जुने पॅकेट’ म्हणून फेकेल; म्हणून कितव्यांदा सुरू झाला हा आकडा फ्लॅश मेमरीत ठेवा आणि क्रमांकासोबत पाठवा. शेजारच्या कोणी कालचे ‘उघड’ पॅकेट पकडून आज पुन्हा पाठवले तर? इथे स्वतःचे एन्क्रिप्शन शोधू नका, तयार आणि तपासलेले घ्या. उत्तर विनंतीपेक्षा फार मोठे होणार नाही हेही बघा. यूडीपीवर छोट्या प्रश्नाला मोठे उत्तर देणारी सेवा इतरांवर हल्ला करायला वापरली जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर १.३५ टेराबिट प्रतिसेकंदाचा मारा झाला, तो मेमकॅश्ड या डेटा साठवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या उघड्या यूडीपी पोर्टांचा वापर करूनच.

आवृत्तीचा रकाना पहिल्याच बाइटात ठेवा आणि पहिल्या दिवसापासून त्यात वेगळा आकडा पाठवून बघा. जो रकाना कधी बदलतच नाही तो वाटेतली उपकरणे गृहीत धरतात. कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएस १.३ ला हेच भोवले. जुनी उपकरणे अनोळखी आवृत्ती दिसताच कनेक्शन मोडत, म्हणून आजही टीएलएस १.३ त्या जुन्या रकान्यात स्वतःला १.२ म्हणवतो आणि खरी आवृत्ती एका विस्तारात सांगतो.

हे सगळे चार-पाच पानांत लिहा: काय करायचे, काय करायचे नाही, पॅकेटची रचना, अवस्थांचा तक्ता, प्रत्येक टायमरचा आकडा आणि त्याचे कारण. मग ते कागद एका मित्राला द्या, कोड देऊ नका, आणि त्याला दुसरे टोक लिहायला सांगा. तो जो प्रत्येक प्रश्न विचारेल त्याचे तोंडी उत्तर देण्याचा मोह टाळा. दस्तऐवज दुरुस्त करा.

राहिले एमटेक. चांगल्या संस्थेत, या विषयावर काम करणाऱ्या मार्गदर्शकाकडे प्रवेश मिळत असेल तर तो चांगला मार्ग आहे. पण ‘मला काही येत नाही’ या भावनेपोटी, घरातली कमाई बदलण्याच्या वर्षी नोकरी सोडू नका, निदान टीएफटीपी आणि खिडकीपर्यंत पोचेपर्यंत तरी नाही. तोपर्यंत हे काम तुम्हाला आवडते की फक्त त्याची कल्पना आवडते, हे कळलेले असेल. अवस्थांचे तक्ते भरणे आणि पॅकेटचे बाइट मोजणे सगळ्यांनाच रमवत नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

आणि नोकरी बदलायचीच असेल तर तुमच्यासाठी सगळ्यात जवळचे दार एफआरआर आहे. हा ओएसपीएफ, बीजीपी वगैरेंचा मुक्त स्रोत संच, सीमध्ये लिहिलेला. त्याच्या चाचण्या लिनक्सच्या नेमस्पेसवरच चालतात आणि पायथनमध्ये लिहिलेल्या असतात, म्हणजे तुमची आत्ताची सगळी सामग्री तिथे चालते. कामावर पाहिलेला एखादा शेजारी अडकण्याचा प्रसंग, कंपनीचे पत्ते आणि नावे काढून टाकून, अशा चाचणीत पुन्हा उभा करा. ती चाचणी चालली की मग ओएसपीएफच्या शेजाऱ्यांच्या अवस्था हाताळणारी फाइल उघडा. त्यातली निम्मी नावे तुम्हाला ओळखीची वाटतील.